वऱ्हाडातील परसबाग: कमी खर्चात कोणती फळझाडे लावावीत?

मृग लागला, की अमरावती-अकोल्याच्या गावागावांत रोपांची गाडी फिरू लागते. गाडीवर नारळ, सफरचंद, लिची, बारमाही आंबा अशी रंगीत चित्रे लावलेली असतात. घरची माणसे हौसेने चार-पाच रोपे घेतात. पावसाळ्यात ती तरारतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यांतले एखादेच उरते. दर वर्षी असा खर्च करूनही अनेक घरांत मुलांना घरचे फळ मिळत नाही.

रोपाचे पैसे एकदाच द्यावे लागतात, पाणी मात्र दर उन्हाळ्यात द्यावे लागते. त्यामुळे वऱ्हाडात परवडणारे झाड म्हणजे आपल्या मातीत टिकणारे आणि घरच्या पाण्यावर तिसरा उन्हाळा काढणारे झाड. या दोन कसोट्या लावल्या, तर निवड सोपी होते. शिवाय निम्मी झाडे फारसे पैसे न घालता घरीच तयार करता येतात.

आधी माती व पाणी ओळखा

दोन्ही जिल्ह्यांत पाऊस साधारण ७५० ते ८५० मि.मी. पडतो. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. हवामान सारखे असले तरी माती व पाणी तालुक्यागणिक बदलतात. परसबागेच्या दृष्टीने तीन प्रकार लक्षात घ्यावेत.

• खारपाणपट्टा: पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि अकोला तालुक्यांतील बरीच गावे यात येतात. विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते. माती खोल, काळी, चोपण आणि निचरा न होणारी असते. तिचा सामू बहुधा ८ ते ९ च्या दरम्यान किंवा त्याहूनही जास्त असतो. पिण्यासाठी वान, शहानूर यांसारख्या धरणांवरील नळयोजनांचे पाणी येते. तेच झाडांना मिळणारे गोडे पाणी.
• सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा: अचलपूर, परतवाडा, मोर्शी, वरुड. येथे गोडे पाणी आणि निचऱ्याची माती मिळते. संत्र्याच्या बागा याच पट्ट्यात वाढल्या. मात्र भूजल खोल गेल्याने उन्हाळ्यात येथेही पाणी जपूनच वापरावे लागते.
• उथळ, मुरमाड जमीन: पातूर, बार्शीटाकळीकडील डोंगरउताराची गावे. माती कमी, निचरा उत्तम. सीताफळ आणि बोर येथे आनंदाने वाढतात.

गावठाणातील पांढरी माती शेतातल्या काळ्या मातीपेक्षा भुसभुशीत असते. त्यामुळे घरामागची जागा शेतापेक्षा वेगळी असू शकते. दोन फूट खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर निचरा वाईट आहे असे समजावे.

खारपाणपट्ट्यात माती व पाणी तपासल्याशिवाय रोप विकत घेऊ नये. फळझाडांसाठी मातीचा नमुना ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सें.मी. अशा थरांतून वेगवेगळा घ्यावा. अमरावती जिल्ह्यात घातखेड व दुर्गापूर (बडनेरा), तर अकोला जिल्ह्यात सिसा (उदेगाव) येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही अकोल्यातच आहे. तपासणीबाबत येथे चौकशी करावी. पाण्याची क्षारता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली, तर त्या पाण्यावर संत्रा, लिंबू, आंबा, पपई आणि केळी यांचा विचार सोडावा. मातीत मुक्त चुना १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर लिंबूवर्गीय झाडे पिवळी पडून खचतात.

तिसऱ्या उन्हाळ्याचे पाणी मोजा

पाच माणसांच्या घरात अंघोळ आणि स्वयंपाकघर मिळून दिवसाला साधारण १०० लिटर सांडपाणी निघते. पाणीटंचाईत ते ६० लिटरवर येते, असे धरू. नवीन रोपाला उन्हाळ्यात तीन दिवसांआड १० लिटर पाणी लागते, म्हणजे दिवसाला अडीच-तीन लिटर. या हिशेबाने वीस रोपे जगतील असे वाटते आणि येथेच चूक होते. पेरू, लिंबू किंवा आंब्याच्या तीन वर्षांच्या झाडाला दिवसाला सरासरी १० लिटर तरी हवेच. म्हणजे ६० लिटरमध्ये पाण्याची गरज असलेली सहाच झाडे बसतात. पुढे झाड वाढेल तशी गरजही वाढते. म्हणून सुरुवातीला अशी तीन-चारच झाडे घ्यावीत. बाकीची जागा मूळ धरल्यानंतर उन्हाळी पाण्याविना तग धरणाऱ्या सीताफळ, बोर, करवंद यांना द्यावी.

कपडे धुतलेले पहिले पाणी झाडांना देऊ नये. धुण्याच्या पावडरमध्ये सोडियम असते आणि चोपण मातीचा मूळ दोषही सोडियमच आहे. त्याने माती आणखी घट्ट होते. शेवटच्या खळबळण्याचे पाणी चालते. अंघोळीचे पाणीही एकाच झाडाला रोज न देता आळीपाळीने द्यावे.

छतावरचे पाणी वाया जाऊ देऊ नये. ५०० चौ. फुटांच्या टिनाच्या छतावर ७५० मि.मी. पाऊस पडला, तर गळती सोडूनही सुमारे २७ हजार लिटर पाणी मिळते. ते सगळे साठवता येत नाही. पण पावसाळ्यात पन्हळीने ते झाडांच्या आळ्यांकडे वळवले आणि जादा पाण्याला वाट करून दिली, तर मुळांजवळचे क्षार खाली धुऊन जातात. खारपाणपट्ट्यात हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पैसे न घालता घरीच तयार होणारी झाडे

• सीताफळ: चांगल्या झाडाच्या पिकलेल्या फळाचे बी घ्यावे, २४ तास पाण्यात भिजवून पिशवीत लावावे. उगवण सावकाश होते. रोपापासून तीन-चार वर्षांत फळे येतात. उन्हाळ्यात पाने गाळून झाड स्वतःच पाण्याची गरज कमी करते आणि जनावरे त्याच्या पानांना तोंड लावत नाहीत. बी विषारी असते, त्याची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुलांपासून बी दूर ठेवावे.
• कागदी लिंबू: लिंबाच्या एका बीतून एकापेक्षा जास्त कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक मातृवृक्षासारखेच निघतात. त्यामुळे बियांपासूनची रोपे चालतात. बी वाळू न देता ताजेच पेरावे. साई शरबती, फुले शरबती या जातींची रोपे मिळाल्यास उत्तम. फळाला चार-पाच वर्षे लागतात. खारपाणपट्ट्यात लिंबू लावू नये.
• पपई: पावसाळ्यात लावली तर पुढच्या उन्हाळ्यात फळ हाती येते, इतके लवकर दुसरे कोणतेही झाड देत नाही. देशी बियांत नर व मादी झाडे असतात. त्यामुळे एका जागी तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नर काढावेत. संकरित जातीच्या बाजारातील फळाचे बी धरू नये. खोडाशी पाणी साचल्यास झाड कुजते, म्हणून उंचवट्यावर लावावे. विषाणू रोगाने पाने आकसून पिवळी पडल्यास झाड उपटून टाकावे. पपई दोन-तीन वर्षांचीच सोबत आहे, हे धरून दर वर्षी एखादे नवे रोप लावावे.
• करवंद: कुंपणासाठी सर्वोत्तम. काटेरी असल्याने शेळ्या आत येत नाहीत, क्षार व दुष्काळ दोन्ही सहन करते. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे ताजे बी लगेच पेरावे. जुने बी उगवत नाही. तीन-चार फुटांवर एक रोप लावावे. कच्च्या फळांचे लोणचे, पिकलेली फळे मुलांना.
• फालसा: विसरत चाललेले झुडूप. ऐन उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये फळ देते. ताजे बी किंवा छाट लावावे. हिवाळ्यात फांद्या गुडघ्याच्या उंचीवर छाटल्या, तर नव्या फुटीवर भरपूर फळे येतात. फळ टिकत नाही म्हणून ते बाजारात क्वचितच दिसते. घरी सरबताला मात्र उपयोगी पडते.
• डाळिंब, अंजीर, तुती: पेन्सिलीएवढ्या जाडीचे, २० ते २५ सें.मी. लांबीचे, पक्व फांदीचे छाट लावून रोपे होतात. डाळिंबाचे छाट तेल्या रोग नसलेल्या झाडाचेच घ्यावेत. रोग छाटाबरोबर घरात येतो.

बोरीचे कलम धुऱ्यावरच करा

वऱ्हाडात गावबोर नसलेला धुरा शोधूनही सापडणार नाही. या झाडाची मुळे आधीच खोल गेलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये असे झाड जमिनीपासून फूटभर उंचीवर कापावे. फुटलेल्या फांद्यांपैकी दोन-तीन जोमदार फांद्या ठेवाव्यात. जून-जुलैमध्ये त्यांवर उमराण, कडाका किंवा मेहरूण जातीचा डोळा भरावा. डोळा भरणारा कारागीर बोलवावा लागला, तरी रोप, खड्डा व दोन वर्षांचे पाणी एवढा खर्च वाचतो. पुढील एक-दोन हिवाळ्यांत मोठी बोरे मिळतात. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये छाटणी करावी, कारण फळे नव्या फुटीवर येतात. बोर क्षारपड जमिनीतही टिकते.

कलमच विकत घ्यावे अशी झाडे

हातातले पैसे येथे खर्च करावेत. या झाडांचे बियांपासूनचे रोप उशिरा फळते आणि फळ कसे निघेल याची खात्री नसते.

• पेरू: सरदार (एल-४९) जातीचे गुटी कलम. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फळे. पावसाळी बहारात फळमाशी लागते, म्हणून हिवाळी फळे घ्यावीत. झाड सात-आठ फुटांवर छाटून ठेवावे.
• आंबा: केशर. कलम घेणे परवडत नसेल, तर खड्ड्यातच दोन-तीन गावरान कोया लावाव्यात. एक जोमदार रोप ठेवून पुढच्या पावसाळ्यात त्यावर जागेवरच मृदकाष्ठ कलम करून घ्यावे. जागेवर वाढलेले सोटमूळ उन्हाळा चांगला काढते. खाऱ्या पाण्यावर आंब्याच्या पानांच्या कडा करपतात.
• आवळा: कृष्णा, कांचन, एन.ए.-७, चकय्या. चोपण जमीन सहन करणारे मोलाचे झाड. मात्र एकाच जातीचे एकटे झाड नीट फळत नाही, दोन वेगळ्या जाती जवळ हव्यात. जागा कमी असेल तर शेजाऱ्याशी बोलून त्यांच्याकडे एक जात आणि आपल्याकडे दुसरी लावावी. मधमाशांना कुंपण आडवे येत नाही.
• चिकू: कालीपत्ती, खिरणीच्या खुंटावरील कलम. सावकाश वाढते. पहिली दोन वर्षे सावली लागते. पाण्याची सोय पक्की असेल तरच घ्यावा.
• संत्रा: गोड्या पाण्याच्या, निचऱ्याच्या जमिनीत एखादे झाड हौसेसाठी ठीक. जंबेरी किंवा रंगपूर लाइम खुंटावरील कलम घ्यावे. डोळा बांधलेला भाग मातीत गाडू नये आणि खोडाला पाणी लागू देऊ नये, नाहीतर डिंक्या येतो.

परसबागेत टाळावीत अशी झाडे

नारळ, सफरचंद, लिची यांवर येथे पैसे घालू नयेत. वऱ्हाडाची कोरडी, तापलेली हवा त्यांना मानवत नाही. नारळ जगला तरी दर उन्हाळ्यात तो दोन-तीन झाडांचे पाणी पितो. केळीला पाणी सतत लागते, म्हणून ती मोरीच्या तोंडाशी एकच ठेवावी.

चिंच, जांभूळ, कवठ ही आपल्या मातीची झाडे आहेत, पण त्यांची जागा धुऱ्यावर. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीजवळचे मोठे झाड तिच्यातला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पायाला व भिंतीला भेगा पडू शकतात. लिंबू, पेरू, डाळिंब, सीताफळ भिंतीपासून ८ ते १० फुटांवर, तर आंबा व आवळा किमान १५ ते २० फुटांवर लावावा.

रोप घेताना हे पाहा

• विक्रेत्याकडे फळ रोपवाटिकेचा परवाना आहे का? महाराष्ट्रात १९६९ च्या फळ रोपवाटिका नियमन कायद्यानुसार तो लागतो.
• पावतीवर झाडाची जात व खुंट लिहून घ्यावा. पावती न देणारा विक्रेता पुन्हा भेटत नाही.
• कलमाचा जोड भरून आलेला आहे का, आणि फूट जोडाच्या वरची आहे का, हे बोट लावून पाहावे. जोडाखालून वाढलेले रोप म्हणजे निव्वळ खुंट.
• उंच, लुसलुशीत रोपापेक्षा दीड-दोन फुटांचे, जाड खोडाचे रोप घ्यावे. पिशवीतून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर सोडून द्यावे.
• कृषी विद्यापीठ व शासकीय रोपवाटिकांत मागणी जास्त असते. मे महिन्यातच चौकशी करून नोंद करावी.

शासकीय योजनेची विचारणा अनेकजण करतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकण वगळता किमान ०.२० हेक्टर क्षेत्र लागते, त्यामुळे घरामागची पाच-सहा झाडे त्यात बसत नाहीत. शेतात किंवा धुऱ्यावर लागवड करायची असल्यास चालू वर्षाचे निकष कृषी सहायकाकडून समजून घ्यावेत.

तीन नमुने

१) खारपाणपट्ट्यातील घर: कुंपणाला करवंद, धुऱ्यावरील गावबोरीवर उमराणचा डोळा, उंचवट्यावर डाळिंब, शेजाऱ्याबरोबर मिळून दोन जातींचे आवळे. विकत घ्यायचे फक्त आवळ्याचे एक कलम.

२) गोड्या पाण्याचे, २० × ३० फुटांचे अंगण: एक लिंबू, एक पेरू, एक सीताफळ, दोन पपया आणि कडेला फालसा. विकत घ्यायचे फक्त पेरूचे कलम.

३) मुरमाड जमीन किंवा मळ्यातील घर: चार-पाच सीताफळे, दोन बोरी, जागेवर कलम केलेला एक केशर आंबा, कुंपणाला करवंद.

झाडे निवडताना ती कोणत्या महिन्यात फळ देतात हेही पाहावे. फालसा एप्रिल-मे, करवंद मे-जून, सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर, आवळा नोव्हेंबर-डिसेंबर, पेरू हिवाळ्यात, बोर डिसेंबर ते फेब्रुवारी. पपई व लिंबू अधूनमधून वर्षभर. एकाच हंगामात पाच झाडे पिकण्यापेक्षा वर्षभर थोडे-थोडे फळ घरात येणे मुलांच्या आहारासाठी चांगले.

लागवड

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. आंबा व आवळ्यासाठी तीन फुटांचे घ्यावेत. वरच्या थराची माती, १५ ते २० किलो कुजलेले शेणखत, अर्धा ते एक किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. ताजे शेण घालू नये, त्याने उधळी येते. चोपण जमिनीत जिप्सम माती परीक्षणाच्या अहवालानुसारच मिसळावे.

भारी काळ्या मातीत खोल खड्डा पावसाळ्यात पाण्याचा हौद होतो. तेथे जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच ओटा करून त्यावर रोप लावावे. दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये, संध्याकाळच्या वेळी लागवड करावी. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता रोप बसवावे आणि काठीचा आधार द्यावा.

पहिला उन्हाळा

बहुतेक झाडे मरतात ती फेब्रुवारी ते जून या काळात. पुढील कामे चुकवू नयेत.

• जानेवारीअखेर आळ्यात सोयाबीन किंवा तुरीच्या कुटाराचा चार बोटे जाड थर द्यावा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. ओलावा टिकतो, मातीला भेगा पडत नाहीत आणि खारट जमिनीत क्षार वर येणे कमी होते. काळ्या मातीची भेग मुळे तोडते, म्हणून भेग दिसताच मातीने बुजवावी.
• रोपाच्या पश्चिमेला व दक्षिणेला तुराट्या-पऱ्हाट्यांचा आडोसा करावा. दुपारचे ऊन तिकडूनच येते.
• रोपापासून फूटभर अंतरावर बिनरंगी माठ गळ्यापर्यंत पुरून बुडाला लहान छिद्र पाडून त्यात कापडाची वात घालावी. माठ तीन-चार दिवसांनी भरावा. वरून ओतलेल्या पाण्यापेक्षा यात बचत होते आणि पाणी वाहणाऱ्या बाईचे हेलपाटेही वाचतात.
• पहिल्या दोन वर्षांत आलेली फुले काढून टाकावीत. पपई, फालसा यांना हा नियम नाही.
• मे महिन्यात खत देऊ नये. पाऊस सुरू झाल्यावरच द्यावे.

यंदा दोनच झाडे लावली तरी चालतील. ती पुढच्या मृगाला हिरवी दिसली, की तिसऱ्या झाडासाठी खड्डा घ्यावा.